सुमीराचा रकाना

‘मृत’ हा शब्द हारगोनोनं रकान्याच्या इतका नेमका मधोमध टाईप केला होता की सुदर्मीला आधी मुलाच्या टापटिपीचंच कौतुक वाटलं. मग तिची नजर डावीकडच्या नावावर गेली. सुमीरा, अर्जदाराच्या पत्नीची धाकटी बहीण. मृत, १९६६.

तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं. अक्षरं तीच होती.

रविवारची सकाळ. टेबलावर फणसाच्या गुदेगचं पातेलं, अंडी, सोयाबीनचं तळलेलं टेंपे आणि या सगळ्यापासून जपून एका कडेला ठेवलेला तो सहा पानी अर्ज. तिच्या नवऱ्याचं, कुस्नादींचं, नाव कुलगुरूपदासाठी जाकार्ताला गेलं होतं आणि घर स्वच्छ असल्याची जाकार्ताला खात्री हवी होती. स्वच्छ हा सरकारचा शब्द. भाऊ, बहीण, मेहुणा, साडू, व्याही, यांतला कुणीही पासष्ट साली कम्युनिस्ट म्हणून पकडला गेलेला नाही, असा त्याचा अर्थ. खाली उमेदवाराची सही, बायकोची सही, आणि सोमवारी सकाळी अर्ज कचेरीत. तिन्ही मुलं त्यासाठीच आठ वाजल्यापासून जोग्जाच्या या घरात जमली होती. नवसाला आल्यासारखी, सगळी नवे कपडे घालून.

“हारगोनो,” ती म्हणाली, “सुमीरा कधी गेली?”

हारगोनो प्रांताच्या नियोजन कचेरीत होता. बत्तिसाव्या वर्षीच त्याला साहेबासारखं हळू बोलायची सवय लागली होती. “इबू,” तो आईला म्हणाला, “ते नुसतं कागदावर आहे.”

“मी सही कागदावरच करणार आहे. विचारलं ते सांग.”

उत्तर कुस्नादींनी दिलं, ताटातून मान वर न करता. “चौऱ्याहत्तरच्या अर्जात तसंच लिहिलंय. आता बदललं तर तो अर्ज खोटा ठरेल. नोंदींमध्ये सुसंगती लागते.”

विद्यार्थ्याच्या अहवालातली चूक दाखवावी तसं ते बोलले. सुदर्मीला चौऱ्याहत्तरचा अर्ज आठवला. एकोणऐंशीचाही. दोन्ही वेळा ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती, बोट दाखवलं तिथे सही करून परत गेली होती. वाचलं नव्हतं. सुमीराचं नाव गाळलं असेल एवढं ती धरून चालली होती, आणि गाळणं तिला चाललंही होतं. तिच्या सहीनं बहीण पुरली गेली आहे हे तिला आज, अंडं सोलता सोलता कळत होतं.

सुमीरा मेली नव्हती. ती तीस किलोमीटरवर क्लातेनच्या बाजारात पट्ट्यापट्ट्यांचं हातमागाचं कापड विकत होती. तिचा नवरा सारवोको चार वर्षांपूर्वी, तेरा वर्षं कैद भोगून परत आला होता. त्यातली नऊ वर्षं एका लांबच्या बेटावर जंगल तोडण्यात गेली. त्याच्या ओळखपत्रावर आता शिक्का होता, आणि तो शिक्का बघून त्याला शाळेत शिपाई म्हणूनही कुणी ठेवलं नसतं.

आणि हा सारवोको कोण, तर कुस्नादींचा साडू आणि त्यांच्याच विभागातला मातीचा अभ्यासक. दोघांनी एका गिरमिटावर सहा वर्षं अख्खा गुनुंगकिदुल जिल्हा पायी पालथा घातला होता. सारवोको जमिनीला भोक पाडून माती काढायचा, कुस्नादी टिपणं घ्यायचे. पासष्टच्या अखेरीस विद्याशाखेत चौकशी समिती बसली. कुस्नादींचं अक्षर चांगलं, म्हणून ते सचिव झाले. तीन रकाने होते: धोक्याचे, संशयित, निर्दोष. सारवोको डाव्या विचारांच्या अभ्यासकांच्या संघात होता. कुस्नादींनी त्याला मधल्या रकान्यात घातला, त्या सुंदर अक्षरात, आणि तिसऱ्या दिवशी लष्कराचा ट्रक आला. मातीचा नकाशा अडुसष्टमध्ये छापला गेला. त्यावर एकच नाव होतं.

“पाक,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही तेव्हा काय केलंत ते मी सतरा वर्षं ऐकतेय. आज परत सांगा.”

कुस्नादींनी चमचा ठेवला. हे त्यांना आवडायचं. “यादीत चाळीस जण होते. त्यातल्या अकरा जणांना मी वाचवलं. अकरा. हे इथे कुणालाच माहीत नाही. मी नसतो तर तिथे दुसरा कुणीतरी बसला असता आणि चाळीसच्या चाळीस गेले असते.”

“कोण अकरा?”

“म्हणजे?”

“नावं सांगा. मी मोजत नाही, तुम्हीच मोजा.”

कुस्नादींनी सुरुवात झोकात केली. एक प्रयोगशाळेतला, एक ग्रंथपाल, दोन भाऊ, एक ती बांतुलची मुलगी. सहाव्या नावाला ते थांबले. छताकडे पाहिलं. मग म्हणाले, “नावं लक्षात ठेवायला मी ते केलं नव्हतं.”

टेबलाशी कुणी हसलं नाही, पण एंदाहच्या ओठाचा कोपरा हलला. एंदाह मधली मुलगी, जिभेची तिखट. तिनं आपल्या नवऱ्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “मला तर इबूचं पटतं. मावशीला जिवंतपणी मारायचं हे अतीच झालं. बापा आता साठीला आले. झाले नाहीत कुलगुरू तर काय बिघडणार आहे?”

“तुला बोलायला काय जातं,” हारगोनो म्हणाला. “तू सरकारी नोकरीत नाहीस. मी आहे. उद्या माझ्या फाईलमध्ये मावशी जिवंत झाली की मी कुठल्या बेटावर टेबल टाकून बसेन ते बघ.”

“बेटावर जायची पाळी मावशीच्या नवऱ्याची होती, तेव्हा तू कुठे होतास?” ही सगळ्यात धाकटी वेनिंग. चोवीस वर्षांची, वडिलांच्याच विभागात हंगामी सहायक. “टाईप करताना हात थरथरला नाही का रे?”

सुदर्मीला वाटलं, दोन मुली तरी आपल्या बाजूला आहेत. पण ते भाताची वाफ निवेपर्यंतही टिकलं नाही.

प्रियांबोदोनं, म्हणजे एंदाहच्या नवऱ्यानं, पाण्याचा पेला खाली ठेवला. तो सासऱ्यांच्याच हाताखाली व्याख्याता. गेल्याच वर्षी डॉक्टरेट मिळाली होती. तो अतिशय मऊ बोलायचा आणि बोलण्याआधी हसायचा. “इबू, आपण असं का समजतो की पाक सारवोकोंना आपण टाकून दिलंय? मी माझ्यापरीनं मदत करतोच आहे. दोन वर्षं मी त्यांना काम देतोय.”

“कसलं काम?”

“भाषा बघण्याचं. थोडं संपादन.”

वेनिंगनं मेहुण्याकडे मान वळवली. “म्हणजे तुमच्या प्रबंधाची ती पाकिटं क्लातेनला जायची, ती त्यांच्याकडे? मास, तुम्ही म्हणाला होतात टायपिंगवाली आहे.”

“नाव घेणं बरं नव्हतं. त्यांच्यासाठीच.”

“काय पाठवायचात पाकिटात?”

“टिपणं. आकडे.” तो परत हसला. “आणि परत यायचं ते जरा व्यवस्थित मांडलेलं असायचं.”

“प्रकरणं,” सुदर्मी म्हणाली.

तांदळाची पोती आणि रॉकेलचे डबे पाठवून त्यानं एका माणसाकडून अख्खा प्रबंध लिहून घेतला होता. त्या माणसाला आपल्या नावानं एक ओळ छापायची परवानगी नव्हती. आणि वर ती मदत होती.

मग कुस्नादी बोलले, आणि ते बोलल्यावर सुदर्मीला कळलं की जावयावर रागावण्यात तिनं उगाच वेळ घालवला.

“मी ओळखलं होतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या प्रकरणातच. तांबड्या मातीला ‘थकलेली’ म्हणणारा या देशात एकच माणूस आहे.”

“ओळखलंत. मग?”

“मग काय? काम उत्तम होतं. श्रेष्ठ श्रेणी दिली. ती त्यालाच दिली असं समज ना.”

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात सुदर्मीनं बरीच निर्लज्ज माणसं पाहिली होती. बाजारात, कचेरीत, नातेवाइकांत. पण त्यांना आपण निर्लज्ज आहोत एवढं तरी ठाऊक असायचं. हा माणूस ती पदवी दागिन्यासारखी अंगावर घालून बसला होता. साडूला तुरुंगात धाडून, त्याची भाषा ओळखून, ती जावयाच्या गळ्यात घालून, वर तो स्वतःला दर्दी समजत होता.

एंदाह उठली. तिचा चेहरा बदलला होता. “इबू, सही करून टाक.”

“आत्ता तर म्हणालीस...”

“आत्ता मला हे माहीत नव्हतं. मावशी जिवंत निघाली तर चौकशी क्लातेनला जाईल. मावशीच्या घरात ह्यांच्या प्रबंधाचे कागद सापडतील. ह्यांची पदवी जाईल, नोकरी जाईल. मला दोन मुलं आहेत.” नवऱ्याकडे न बघता तिनं त्याच्यापुढचं ताट खसकन ओढलं. तेवढंच काय ते त्याला प्रायश्चित्त.

“मी क्लातेनला जाते,” सुदर्मी म्हणाली आणि अर्ज उचलला. “तिला दाखवून येते.”

“वेनिंग, तू बरोबर जा,” कुस्नादी शांतपणे म्हणाले. मुलीला त्यांनी डोळ्यांनी जी खूण केली ती सुदर्मीला दिसावी असं त्यांना वाटत नव्हतं. पण पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं दिसतंच.

भाड्याच्या कोल्ट गाडीत बारा जणांच्या जागेत सतरा जण कोंबलेले. प्रांबाननची देवळं मागे पडल्यावर वेनिंग आईच्या कानाशी आली. “इबू, मला पुढच्या वर्षी कायम करणार आहेत. पुढच्या वर्षीचा कुठलाही अर्ज तू खरा भर. मी स्वतः टाईप करून देईन.”

“हारगोनोला हात थरथरला का म्हणून विचारत होतीस.”

“हो,” वेनिंग म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. निदान ती लाल झाली. घरातल्या बाकीच्यांना तेवढंही झालं नव्हतं.

सुमीराचं घर म्हणजे पुढच्या खोलीत दुकान. ती कापडाची घडी घालत होती. बारा वर्षांपूर्वी आईच्या दफनाला दोघींनी एकमेकींना लांबून पाहिलं होतं, तेवढंच. सुमीरानं वर पाहिलं, घडी पुरी केली. दारात शेजारीण होती. तिनं विचारलं, “या कोण?”

“जोग्जाच्या बाई आहेत,” सुमीरा म्हणाली. “कापड बघायला आल्यात.”

शेजारीण गेल्यावर ती थोरल्या बहिणीला म्हणाली, “बस, म्बाक. चहा करते.” आवाजात राग नव्हता. राग असता तर सुदर्मीला बरं वाटलं असतं.

सारवोको खिडकीशी बसला होता. हाडं आणि जाड भिंगांचा चष्मा. सुदर्मीनं अर्ज त्याच्या हातात दिला. त्यानं तो पहिल्या पानापासून वाचला, पेन्सिल घेऊन, जसे एके काळी उत्तरपत्रिका वाचायचा.

“हारगोनोनं टाईप केलंय,” तो म्हणाला. “रकान्याचा मध्य कसा काढायचा ते मीच त्याला शिकवलं होतं. बारा वर्षांचा असेल. चांगलं लक्षात ठेवलंय.” मग जरा थांबून, “प्रियांबोदोचं काम कसं झालं? मला काही कळलं नाही पुढे.”

“श्रेष्ठ श्रेणी मिळाली.”

“कुस्नादीनं दिली?”

“हो. त्यांनी ओळखलं होतं तुम्हाला.”

सारवोको हसला, खोकला, परत हसला. “एवढे गुण त्यानं मला माझ्या नावावर कधी दिले नव्हते.”

वेनिंग दाराशी उभी होती. ती एकदम म्हणाली, “मावसोजी, तुम्हाला त्यांचा राग कसा येत नाही?”

“येतो की. पण फार वर नाक करून रागावता येत नाही मला. चौसष्ट साली आमचं, डाव्यांचं, पारडं जड होतं. तेव्हा मी भर सभेत सुतोपो नावाच्या एका प्राध्यापकाविरुद्धचा ठराव वाचला होता. क्रांतीचा शत्रू म्हणून. बिचाऱ्याचा शत्रुत्वाशी काही संबंध नव्हता, त्यानं एका घोषणेवर सही केली नव्हती, बस. त्याची नोकरी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, मी छान वाचलं.” त्यानं चष्मा काढला. “आम्ही शिकलेली माणसं, मुली. भ्यालो की ते मुद्देसूद मांडतो. कुस्नादी माझ्यापेक्षा जास्त मुद्देसूद, एवढाच फरक.”

“एवढाच नाही,” सुमीरा चहा ठेवत म्हणाली. “तुम्ही तेरा वर्षं दिलीत. ते काय देणार आहेत?”

सुदर्मीनं चहाला हात लावला नाही. “सुमीरा, मी विचारायला आलेय. हे बदलू का? बदललं तर ह्यांचं पद जाईल. हारगोनोची बदली होईल. वेनिंगचं काय होईल ते तिलाच विचार, समोर उभी आहे. तुलाही त्रास होईल, चौकशी येईल. तू म्हणशील तसं करते.”

सुमीरा स्टुलावर बसली आणि बहिणीकडे नीट बघायला लागली, गिऱ्हाईक खरंच घेणार आहे की नुसतं चाचपतंय हे ओळखायला बघतात तसं.

“तुला मी ‘नको, राहू दे’ म्हणायला हवीये,” ती म्हणाली. “मी म्हणाले की तू रडशील, मला मिठी मारशील, दोन वार कापड घेशील आणि मोकळी होऊन घरी जाशील. आणि पुढे सांगशील, सुमीराच नको म्हणाली.”

ते तंतोतंत खरं होतं. जोग्जाहून सुदर्मी त्या ‘नको’साठीच आली होती. सकाळपासून तिनं एकेकाला मनातल्या मनात तुच्छ ठरवलं होतं; नवऱ्याला, जावयाला, मुलाला, मुलींना. त्या रांगेत सगळ्यात शेवटी एक बाई उभी होती. ती हात पुसत येऊन न वाचता सही करत होती.

“मी काही म्हणणार नाही,” सुमीरा म्हणाली. “ना लिही, ना लिहू नको. सतरा वर्षं तुमच्या घरातलं सगळं माझ्याशिवाय ठरलं. हेही ठरव.”

“पेन आहे?” सुदर्मीनं विचारलं.

सारवोकोनं आपलं दिलं. तिनं ‘मृत, १९६६’ वर एक रेघ मारली. वर लिहिलं: हयात. राहणार क्लातेन. पती सारवोको, माजी व्याख्याता, माजी कैदी. अक्षर वाकडं आलं, मध्य साधला नाही. मग कुस्नादींच्या आधीच झालेल्या सहीशेजारी तिनं आपली सही केली.

“इबू,” वेनिंग म्हणाली. पण तिनं अर्ज ओढून घेतला नाही.

घरी जाऊन अर्ज दाखवला तर सकाळपर्यंत नवा टाईप झालेला असेल आणि त्यावर आपली सहीसुद्धा असेल, हे सुदर्मीला माहीत होतं. ती त्या दिवशी जोग्जाला मैत्रिणीकडे राहिली. सोमवारी सातला कचेरीच्या दारात उभी होती. कारकुनानं पानं मोजली. शाईची रेघ बघून भुवई उचलली आणि म्हणाला, “खाडाखोडीपाशी आद्याक्षरं घाला.” तिनं घातली. त्यानं पोचपावती फाडली. एवढंच झालं.

बाकीचं पुढच्या तीन महिन्यांत झालं. कुलगुरू दुसराच माणूस झाला. कुस्नादींना दोन वर्षं आधी निवृत्त व्हायला सुचवण्यात आलं आणि त्यांनी ते सुचवणं ऐकलं. हारगोनोची लांबच्या सुंबा बेटावर बदली झाली. जाताना तो आईच्या पाया पडला पण बोलला नाही. वेनिंगची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. ती एका खासगी शाळेत भूगोल शिकवायला लागली आणि आईला म्हणाली, “मला पश्चात्ताप नाही असं तू म्हणू नकोस, आहे.” क्लातेनला चौकशीवाले दोनदा आले. पण एंदाहनं आदल्याच दिवशी जाऊन सगळे कागद आणले होते, म्हणजे मावशीच्या घरी ती सतरा वर्षांत पहिल्यांदा गेली ती अशी. प्रियांबोदोला काहीच झालं नाही. तो विभागप्रमुख झाला.

कुस्नादींनी सुदर्मीशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढलेलं घेत, पण तिच्याकडे न बघता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारी जुने चार सहकारी भेटायला आले. बैठकीत बसले, पंखा लावला. सुदर्मी आत चहा करत होती. गोड, चमेलीचा, त्यांना लागतो तसा. ट्रे घेऊन ती दारापाशी आली तेव्हा कुस्नादींनी आवाज खाली आणला होता, धाडसाच्या गोष्टी सांगताना आणतात तसा.

“...सगळे म्हणाले, लिहू नका. पोरगा तर पाया पडला. मी म्हटलं, नाही. ती माझ्या बायकोची सख्खी बहीण आहे. सारवोको माझा सहकारी आहे. पद मिळो न मिळो, माणूस जिवंत आहे त्याला मी मेलेला लिहिणार नाही. आपण शेवटी अभ्यासक आहोत. नोंद खरीच हवी.”

“आज अशी माणसं राहिली नाहीत,” एकजण म्हणाला. दुसऱ्यानं रुमाल काढला. प्रियांबोदोही तिथे होता. तो मऊ हसून मान हलवत होता, आणि कुठल्याशा गौरवग्रंथात हे घालायचं त्याचं ठरलेलं त्याच्या तोंडावर दिसत होतं, अर्थात दिवस बदलल्यावर.

सुदर्मीनं कप मांडले, प्रत्येकापुढे एक. प्रत्येकानं एकेक घोट घेतला. मग ती सरळ उभी राहिली.

“तो अर्ज मी भरला,” ती म्हणाली. “ह्यांनी तिला दोनदा मेलेली लिहिली होती. तिसऱ्यांदा मी लिहू दिली नाही म्हणून माझ्याशी बोलत नाहीत.”

कुस्नादी किंचित हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाले, “घरात असं कोण कोणाचं वेगळं असतं? तिनं भरला काय, मी भरला काय.”

“तेच म्हणतो मी,” रुमालवाला म्हणाला, “नवराबायको एकच.” आणि सुटल्यासारखा त्यानं कप परत उचलला.

सुदर्मीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. ट्रेमध्ये ठेवला. मग शेजारच्याचा घेतला, मग पुढच्याचा. प्रियांबोदोनं आपला दोन्ही हातांनी धरला होता, तोही तिनं सोडवला. सगळे अर्धे भरलेले होते. शेवटी नवऱ्यापुढचा उचलला, फडक्यानं टेबलावरचं ओलं वर्तुळ पुसलं आणि ट्रे घेऊन ती आत गेली.

पाहुणे थोडा वेळ रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. मग एकेक करून उठून चपला शोधायला लागले.